नवऱ्याची हरकत नाही

अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास, त्यातल्या बायका, गुलाम आणि सत्ता, असा संध्याकाळचा कोर्स मी पंचेचाळिसाव्या वर्षी दुबईत घ्यायचं ठरवलं. प्रवेशाच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, स्पॉन्सर का एनओसी लगेगा." माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे स्पॉन्सर नवराच. त्याने ऑफिसात बसून झकास टाइप केलं: माझ्या पत्नीने शिकण्यास माझी हरकत नाही. माझं नाव घालायचं राहून गेलं. स्वतःचं मात्र दोनदा होतं, वर आणि सहीखाली.

दुसऱ्याच तासाला आमच्या प्राध्यापिकेने सांगितलं, की त्या काळी तिथे लग्न झालं की कायद्यापुरती बाई नवऱ्यात विरघळून जायची. करार तो करणार, मिळकत त्याची. वर्गात मी एकटीच खो-खो हसले.

घरी सांगितलं तर नवऱ्याला विषय फारच आवडला. त्या रविवारी डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत त्याच्या मित्राकडे जेवायला गेलो, तिथे नवऱ्याने जमलेल्या बायकांना बायकांची परवशता समजावून सांगितली. चांगला पाऊण तास. मी आत पुऱ्या तळत होते.

मित्राची बायको न राहवून म्हणाली, "अहो, कोर्स तिचा आहे ना? तिला बोलू द्या की!"

"तिचे अजून दोनच तास झालेत," तो म्हणाला.

मी सूड उगवला तो निबंधात. त्या विरघळलेल्या बायकांवर बारा पानं लिहिली, वाचताना माझं मलाच रडू आलं. निबंध परत आला तेव्हा समासात प्राध्यापिकेचा एकच प्रश्न होता: आणि या बायकांच्या घरची भांडी कोण घासत होतं?

विकत घेतलेल्या काळ्या बायका. पुस्तकात त्या पानोपानी होत्या. ती पानं मी भराभर उलटली होती, कारण मला माझं दुःख शोधायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी आमची कामवाली सिंकपाशी उभी होती. नेपाळची, चार वर्षं रोज दोन तास येते, आम्ही तिला दीदी म्हणतो. मी अगदी उमाळ्याने विचारलं, "दीदी, आपका पूरा नाम क्या है?"

तिने नळ बंद केला. हात पुसले.

"क्यूँ मॅडम, कुछ गुम हुआ क्या?"

मी नुसतीच नाही नाही म्हणत राहिले. तिने नाव सांगितलं, पुन्हा नळ सोडला आणि कढई घासायला घेतली.