एका चादरीपुरतं

मथुराक्का केदारीचं घर म्हणजे आमच्या गल्लीचं गोदाम. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही. अक्का जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. नोकरीत असतानाच इथं केलगेरीत दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो लावला आणि एकटी राहू लागली. मी समोरच्या घरात. आमचं हुबळीत भांड्यांचं दुकान आहे. आलेली वस्तू गेलीही पाहिजे, एवढं मला धंद्यानं शिकवलंय. अक्काकडं मात्र वस्तू फक्त येत.

गल्लीत भाडेकरू फार. कुणाची बदली होते, कुणी बेंगळुरूला मुलाकडं जातं. निघताना टेम्पोत न मावलेलं सामान "अक्का, महिन्याभरात नेतो" म्हणून तिच्या मागच्या खोलीत टाकायचं, ही रीतच पडली. तिला नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. प्रत्येक वस्तूवर ती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावी आणि तिच्यावर पेनानं मालकाचं नाव लिही. ट्रंका, गाद्या, मिक्सर, लोखंडी पाळणा, बिनचाकाची सायकल. शेवटी त्या खोलीचं दार अर्धंच उघडायला लागलं.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाचा, बेळगावच्या प्रेमानंदचा फोन आला. त्याच्या मुलीला, आरुषीला, हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. तो म्हणाला, "पोरगी तुझ्याकडं राहील अक्का. पण तिला झोपायला जागा तरी आहे का तुझ्या घरात?"

फोन ठेवून अक्का सरळ माझ्याकडं आली आणि उंबऱ्यातच बोलायला लागली. "सुलभा, आरुषी यायलीय राहायला. घरात बोलायला माणूस होईल गं." तिच्या घरातला टीव्ही कुणी बघत नसतानाही दिवसभर चालू असतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी टोमणा मारला नाही.

माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे करणारा. रविवारी मी अमरगोळच्या मार्केट यार्डातून दोन हमाल आणले आणि खोली रिकामी करायला सांगितली. बघता बघता अंगण भरलं, व्हरांडा भरला, अक्काच्या अंथरुणावरसुद्धा ट्रंका आल्या. ती मधोमध उभी. हातात एक गंजका डबा, तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. मग तशीच खाली बसली आणि तिला दरदरून घाम सुटला. "माझ्यानं हे व्हायचं नाही गं. प्रेमानंदला सांगते, पोरीला पाठवू नको." हमालांनी सगळं पुन्हा आत कोंबलं. मी घरी जाऊन नवऱ्यावर चिडले, दुसरं कोण सापडणार होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर अक्का मागच्या खोलीच्या दारात एक जुनी चादर अंथरून बसलेली.

"नवीन नोकरीत होते तेव्हा," ती म्हणाली, "वॉर्डातल्या सगळ्या खाटा एकदम बघितल्या की रडू यायचं मला. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, एका वेळी एकच चादर बदल की. शेजारच्या खाटेकडं बघूच नको."

तसंच तिनं आरंभलं. चादरीवर मावेल तेवढंच सामान बाहेर काढायचं. दुपारच्या चहापर्यंत चादर रिकामी करून, झटकून, घडी घालायची. बाकीच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, म्हणजे ती डोळ्यांसमोर येत नाही. सुरुवात तिनं कुणाचंच नाव नसलेल्या वस्तूंनी केली. रिकाम्या बाटल्या, रद्दी, फुटक्या बादल्या. यांत विचार करावा लागत नाही आणि हाताला टाकायची सवय लागते. पुढची वाटणी दवाखान्याचीच होती. मालकाकडं परत जाईल ते डिस्चार्ज, दुसऱ्याच्या उपयोगाचं असेल ते रेफर. जे ठरतच नाही ते व्हरांड्यातल्या खोक्यात, ऑब्झर्वेशनला. आठवडाभरात त्याची आठवण आली नाही तर तेही देऊन टाकायचं. दुकानातून झाकणाचे मोठे डबे आणते म्हटलं तर म्हणाली, "नको बाई. डबे आणलेस की ते भरायला सामान येईल." आमच्या धंद्याचं नुकसान झालं, पण बोलली ते खरं होतं.

खोलीत जमीन दिसायला लागली, तसं तिनं दूध वाढवलं. आता नावांच्या पट्ट्या असलेल्या वस्तूंची पाळी होती. फोन केले की माणसं सामान न्यायला येणार, आल्यावर चहा तर दिला पाहिजे.

पहिला फोन सोनालीला. ती याच गल्लीत वाढली, त्या लोखंडी पाळण्यात. तिची आई कामावर जाई तेव्हा रात्रपाळी करून आलेली अक्का पाळण्याची दोरी ओढत बसे. आता सोनाली हैदराबादला असते. "अक्का, अजून आहे तो पाळणा? टाकून द्या की. मी जरा मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." तिचा फोन नंतर आला नाही. मारुती आमच्याच शेजारी भाड्यानं राहून गेलेला. तो म्हणाला, "ब्याड्रि अक्का, वगद बिड्रि." नको, फेकूनच द्या. त्याला आपली ट्रंक कोणती होती तेही आठवत नव्हतं. बाकीचेही थोड्याफार फरकानं तेच बोलले.

आला तो एकटा दत्तात्रय, मिक्सर न्यायला. त्यानं स्कूटरसुद्धा बंद केली नाही. "चहा ठेवलाय," असं अक्का म्हणेपर्यंत "परत कधीतरी" म्हणून गेलाही. गरज सरो, वैद्य मरो, आणि ही तर नर्स.

त्या दिवशी चादर झटकायची राहिली. अक्का पाळण्याशेजारी बसून होती. "मला वाटायचं सुलभा, सामान आहे तोवर माणसं आहेत. कधी ना कधी न्यायला येतील की." तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी तिच्याशेजारी बसून पाळण्याचे नट सोडवायला लागले. पाळणा अंगणवाडीत गेला.

खोली रिकामी झाली. तिला मागं एक खिडकी आहे, हे मी विसरूनच गेले होते. अक्कानं भिंतींना रंग दिला, खाट टाकली, तिच्यावर निळ्या फुलांची नवी चादर घातली. आरुषी यायच्या दिवशी सकाळपासून ती खिडकी उघडून बंद करत होती.

आरुषी रिक्षातून उतरली, दोन मोठे खोके घेऊन. रिक्षा तिनं थांबवूनच ठेवली. "जय भीम आत्या," म्हणून पाया पडली. पोरगी गोड आहे, मला तिचा राग नाही. चहा पिता पिता तिनं सांगून टाकलं. कंपनीजवळच पीजी मिळालं होतं, बरोबरच्या मुली तिथंच राहणार होत्या. केलगेरीहून हुबळीला जाणारी चिगरी बस धरून, पुढं बस बदलून रोज जायचं म्हणजे दिवस प्रवासातच जाणार. अक्का "होय की, लांब पडतंय," म्हणत राहिली.

मग आरुषी मागच्या खोलीत डोकावली. "केवढी जागा आहे आत्या. हे दोन बॉक्स इथंच ठेवते ना. पीजीत ठेवायला जागा नाही. महिन्याभरात नेते."

अक्का उठली. कपाटातून चिकटपट्टीचं रीळ काढलं, तुकडा फाडला, त्याच्यावर आरुषीचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांची हाताची सवय. तो तुकडा बोटावर घेऊन ती खोक्यांपाशी थांबली.

"नाही गं पोरी," ती म्हणाली. "सामान नको ठेवू. तुला यायचं असेल तेव्हा तू ये. खोली तुझीच आहे."

आरुषी जरा गोंधळली. हसली, "बरं आत्या," म्हणाली, आणि खोके परत रिक्षात गेले. रिक्षा वळणाआड गेल्यावर मला राहवलं नाही. "ठेवून घ्यायचे होतेस की अक्का. निदान ते न्यायला तरी आली असती."

"न्यायला कोण येतं गं," अक्का म्हणाली.

तिच्या बोटावरची पट्टी तशीच होती. वॉर्डात पेशंटचं नाव लावतात तशी तिनं ती खाटेच्या लोखंडी कडेला चिकटवली. अजून ती तिथंच आहे. दर रविवारी अक्का त्या खाटेवरची चादर काढते, धुते आणि दुसरी घालते. तिच्यावर कुणी झोपलेलं नसतं.