वाळत घातलेलं वजन

लॉंड्रीत तिला सगळे ढब्बूताई म्हणत आणि तीही बिनदिक्कत ओ देई. वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून हॉटेलांच्या चादरी कडक करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. कुणी जाडेपणावरून चिडवलंच तर म्हणायची, "तुझ्या बापाचं खाल्लंय का?"

वजनाची काळजी तिला लागली ती धाकट्या बहिणीमुळे. धाकटीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि दिवसाआड तिला डायलिसिसच्या यंत्राला जोडत. आईमागे हिनेच तिला लहानाची मोठी केलेली. आपली एक किडनी तिला द्यायची, हे ढब्बूताईने कुणाला न विचारताच ठरवून टाकलं. तपासण्या जुळल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण वजन फार आहे. दहा-बारा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. सावकाश करा, घाई नको."

सावकाश म्हणे! यंत्रावरून उठलेल्या धाकटीचा चेहरा पाहिला की तिला त्या शब्दाचाच संताप यायचा.

मग तिने आपली अक्कल चालवली, आणि अक्कल होती लॉंड्रीची. तिथे माल ओला तोलतात, वाळवून पुन्हा तोलतात. पाणी गेलं की गठ्ठा केवढा हलका होतो, हे तिने जन्मभर पाहिलेलं. माणसाचं काय वेगळं असणार? तिने पाणी तोडलं. कपड्यांखाली प्लास्टिक गुंडाळून ती ड्रायरच्या तोंडाशी उभी राहू लागली. कामाची पाळी संपली की गठ्ठे तोलायच्या काट्यावर चढायची. आकडा उतरलेला दिसला की तिचा जीव भांड्यात पडे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढलेला असे, की ही आणखी घाम काढी.

"अगं, मरशील अशाने," घड्या घालणारी मैत्रीण एकदा म्हणाली. "निदान हे तरी पी. खेळाडू पितात. त्यांच्या अंगावर चरबी दिसते का कुठे?"

निळ्याशार स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली होती ती. ढब्बूताईला पटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले की ती दोन घोट घ्यायची. पुढे पुढे तर जेवणाच्या जागी बाटलीच आली. खेळाडू मरणाचे धावतात, वर पोटभर पाणीही पितात आणि बाटलीत साखर ओतलेली असते, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. डोकं ठणकलं की वर गोळी. लघवी काळपट होऊ लागली तेव्हा ती मैत्रिणीला म्हणाली, "चरबी वितळून चाललीय बघ." दोघी पोट धरून हसल्या.

वजन उतरलं. ती ऐटीत दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, काही दिवसांनी पुन्हा तपासलं, तिने काय काय केलं ते विचारून घेतलं, मग खुर्ची जवळ ओढली.

"तुमच्या किडन्यांना इजा झालीय. पाणी तोडलंत, त्यात ती ड्रायरची भट्टी, त्यात डोकेदुखीच्या गोळ्या. आता नीट जपलंत तर तुमचं तुम्हाला पुरेल. पण द्यायला नाही."

"वजन तर उतरलं ना?"

"उतरलं."

"मग थोडं थांबून, पुढच्या वर्षी?"

"नाही हो, ताई. आता कधीच नाही."

खोटं बोलायचं ठरवूनच ती घरात शिरली, पण तोंड उघडताच सगळं भडाभडा बाहेर पडलं. धाकटी उशीला टेकून ऐकत होती. तिला दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाणी चालायचं. जास्त झालं की ते अंगात साचून दम कोंडायचा. ती रडली नाही. बहिणीच्या फुटलेल्या ओठांकडे बघत म्हणाली, "ताई, मला जागेपणी, झोपेत नुसतं पाणी दिसतं गं. तुला तर कुणी नको म्हटलं नव्हतं. तू का नाही प्यायलीस?"

धाकटी भिंतीला धरून उठली, तिने पेला काठोकाठ भरून ढब्बूताईच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिली.