बक्कलबाईचा पट्टा

"खांद्यावर नाही हो गुरुजी, कंबरेवर! ओझं कंबरेच्या पट्ट्यानं उचलायचं. खांद्यावरचे पट्टे नुसते सॅक अंगाशी धरून ठेवायला. किती वेळा सांगू?"

डोंगर चढायची हौस असलेले गुरुजी काही बोलणार, तोवर बक्कलबाईनं त्यांच्या पोटावरचा पट्टा असा आवळला की बोलणं आतच राहिलं. तिचा हात मात्र मध्येच आपल्याच खांद्याकडे गेला. कपड्याआड घसरलेला पट्टा वर ओढून हात परत बक्कलावर आला. दिवसभर हेच चालायचं. दहा टाके घालायचे, एकदा पट्टा ओढायचा.

जाड कापडाच्या सॅक शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हल्ली तोच हात दगा देत होता. बोटांना मुंग्या यायच्या, मान धरायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मशीन सोडा." ही मान डोलावून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली. धाकटी जाऊ कापड बेतायची झकास, पण जाड कापडाच्या त्या दांडग्या मशीननं तिच्या बापाचंही ऐकलं नसतं. बक्कलबाईचा हात गेला की दोघींच्या कारखान्याला कुलूपच.

गुरुजी गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार. सांग."

"तुमची ब्रा चुकीची आहे."

"चुकीची कशी? छातीलाच घातलीय ना, डोक्याला तर नाही?"

त्या घरात ही खरेदी सासूच्या काळापासून एकाच पद्धतीनं चालत आलेली. गल्ल्यावर बाप्या बसलेला, त्याच्याकडे न बघता नंबर पुटपुटायचा, कागदातलं पुडकं काखेत मारायचं आणि चोरी केल्यासारखं पळायचं. मापबीप घ्यायची भानगडच नाही. घट्ट झाली की पुढचा नंबर. बक्कलबाईचं अंग पहिल्यापासून भरलेलं. नंबर चढत चढत बेचाळिसावर गेला. पाठीवरचा पट्टा एवढा ढिला, की सकाळी खाली असायचा आणि दुपारी मानेची चौकशी करायला वर यायचा. मग ही खांद्यावरचे पट्टे आवळायची. खांद्यांवर अशा खाचा, की पेन्सिल ठेवली तर पडू नये. मुंग्या तिथूनच बोटांत उतरायच्या.

धाकटीनं तिला ओढतच बायकांच्या दुकानात नेलं. पडद्याआड चष्मेवाल्या बाईनं छातीखालून टेप घट्ट धरला.

"अगं ए, पोत्याचं तोंड बांधतेस का?"

"अडतीस."

"माझा नंबर बेचाळीस आहे. एवढी काय वाळलेय मी?"

"पट्टा अडतीस, मावशी. फक्त कप मोठा लागेल." बाईनं अक्षर सांगितलं.

बक्कलबाईचे डोळे विस्फारले. "एवढ्या लांबपर्यंत अक्षरं जातात?"

"त्याच्याही पुढं जातात," बाई शांतपणे म्हणाली. पडद्याबाहेर धाकटी तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

पहिलीतून वरून उतू गेलं. दुसरीची तार बगलेत टोचली. तिसरी मात्र अंगाला अशी बसली, की हात वर केले तरी पाठीवरचा पट्टा जागचा हलेना. बक्कलबाईनं सवयीनं खांद्यावरचे पट्टे आवळायला घेतले, तर चष्मेवालीनं तिच्या हातावर चापट मारली.

"ते सैल राहू द्या. सगळं ओझं पाठीवरच्या पट्ट्यानं उचलायचं. खांद्यावरचे नुसते अंगाशी धरून ठेवायला."

बक्कलबाईनं हातातले पट्टे हळूच सोडून दिले.

"ताई," बाहेरून गोड आवाज आला, "हे मी कुठंतरी ऐकलंय हो."

"तोंड बंद ठेव, नाहीतर उद्या तुलाच मशीनवर बसवते." मग जाता जाता चष्मेवालीला, "हुकाशी शिलाई दुहेरी घ्यायला सांग त्या कारखान्याला. उसवेल."

मुंग्या काही त्या रात्रीतच गेल्या नाहीत. अधूनमधून यायच्या, पण हळूहळू पाहुण्यासारख्या, राहायला नव्हे. डॉक्टरांनी तिची मान वळवून पाहिली, हात दाबून पाहिला, आणि मशीनचं नाव काढलं नाही. बक्कलबाईनंही काढलं नाही.

डोंगरावरून गुरुजी परत आले ते वाकडी मान घेऊन. सॅक पाठीवर, कंबरेचा पट्टा लोंबतोय, खांद्यावरचे करकचून आवळलेले. धाकटीनं कात्री थांबवली आणि जाऊबाईंकडे टक लावून पाहिलं. आता तोफ डागली जाणार.

"असू द्या गुरुजी," बक्कलबाई घसा साफ करत म्हणाली. "एकेकाला उशिराच कळतं. या इकडे."

तिनं दोन्ही हातांनी पट्टा ओढला, बक्कल खाडकन बसवलं. हात एकदाही खांद्याकडे गेला नाही.

"काय बघतेस गं?" ती धाकटीवर खेकसली. "खिसे बेत. दोरा संपेपर्यंत मी उठत नाही."

आणि मशीन धडधडायला लागलं.