आमच्या घरात अशी भाषा चालत नाही

माझ्या मुलाचा पाचवा वाढदिवस होता. डोंबिवलीतल्या आमच्या घरात वीसेक माणसं जमलेली. माझे बाबा दोन बसगाड्या बदलून ठाण्यातल्या कोलशेतहून आलेले, हातात शेव-गुळाच्या खटखट्या लाडवांची पिशवी. तिथल्याच एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून त्यांची नोकरी झाली. माणूस मूळचा मालवणकडचा. ठाण्यात चाळीस वर्षं काढली तरी बोली तीच.

दारातच त्यांनी नातवाला उचलून घेतलं आणि म्हणाले, "काय रे रांडेच्या, म्हाताऱ्याक इसारलंस?"

पोरगं खिदळलं. बाकी कुणी हसलं नाही. माझ्या सासूबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, पुढे आल्या. "चल बाळा, हात धुऊ या," म्हणत त्यांनी मुलाला बाबांच्या कडेवरून काढून आत नेलं. त्याचे हात स्वच्छ होते. बाबा लाडवांची पिशवी कुठे ठेवायची ते बघत उभे राहिले. आणि मी? मी केकसाठी सुरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना नवरा म्हणाला, "बाबांना जरा सांग ना. आपल्या घरात अशी भाषा चालत नाही."

मी सांगते म्हटलं. याचा राग मला आजही येतो. सासरच्यांवर आहेच, पण त्याहून जास्त स्वतःवर. आठवड्याभरात रजा टाकून मी कोलशेतला गेले आणि ज्या माणसाने मला त्याच हाकेने जेवायला बोलावून वाढवलं, त्याला समजावत बसले की बाबा, तिथे लोकांना ते बरं वाटत नाही.

बाबा भाजी निवडत होते. हातातली जुडी संपवली. मग म्हणाले, "ती शिवी नाय गो. माझो बापूस माका असोच हाक मारी."

"मला माहीत आहे बाबा. पण त्यांना नाही ना माहीत."

"मगे त्येंका सांगलंस?"

मी उरलेली जुडी पुढ्यात ओढली.

त्यानंतर बाबा दोनदा आमच्याकडे आले. सोफ्याच्या कडेला बसायचे आणि मुलाला म्हणायचे, "काय बाळ, अभ्यास चांगला चालू आहे ना?" एकेक शब्द तोलून. मुलगा माझ्यामागे लपायचा. सासूबाई मात्र खूश. "बघ, प्रेमाने सांगितलं की ऐकतात माणसं." तिसऱ्यांदा बाबा आलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

मग तो मंगळवार. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई तासभर उशिरा आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीला ताप होता. माझे सासरे पेपर वाचत होते. आवाज जराही न चढवता, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "झेपत नाही तर तुम्ही लोक इतकी मुलं जन्माला घालता कशाला?"

बाईंनी मान खाली घातली आणि भांडी घासायला बसल्या. सासूबाईंनी सासऱ्यांपुढे पोह्यांची बशी ठेवली. माझा मुलगा शेजारीच पोहे खात बसला होता. त्याला कुणी उठवलं नाही.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी सासूबाईंकडे वळले. "आता न्या की त्याला आत! आता नाही का धुवायचे हात?"

"मी एक तरी वाईट शब्द वापरला का?" सासरे खरोखरच चकित झाले होते.

"नाही वापरला. म्हणून तर!"

नवरा मध्ये पडला, "अगं, तू कशाची तुलना कशाशी करतेयस?"

"तू गाडी चालवताना रोज 'बास्टर्ड' म्हणतोस, पोरगं मागे बसलेलं असताना. त्याचं मराठी कर ना. कर! माझ्या बापाचाच शब्द निघेल. फक्त तो प्रेमाने म्हणायचा."

सासूबाई म्हणाल्या, "शेवटी वडिलांवरच गेलीस." शिवी न देता शिवी द्यावी ती त्यांनीच.

पुढे काय झालं? क्रांती वगैरे काही नाही. बाई महिनाअखेरीला काम सोडून गेल्या. जाताना मलाच म्हणाल्या, "ताई, तुम्ही कशाला बोललात? आता यायला लाज वाटते." सासरे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्याने सॉरी म्हटलं, पण मला. बाबांना फोन करून म्हण म्हटलं, तर "करतो" म्हणाला. अजून केलेला नाही.

मी मुलाला घेऊन कोलशेतला गेले. बाबांना म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. याच्याशी पूर्वीसारखं बोला."

ते हसले. नातवाकडे बघून तोंड उघडलं आणि थांबले. मग म्हणाले, "शाळेत कोणते विषय शिकवतात तुला?"

मुलाने विषय सांगितले. मग दोघं शेजारी बसून टीव्ही बघत राहिले.