व्याह्यांची बाटली आणि माझ्या मांड्या

मी आयुष्यात नशा एकदाच केली. तीही सकाळी, मारुतीच्या फोटोसमोर, आणि निव्वळ व्याह्यांमुळे.

माझी शाळा चौथीत सुटली, तालीम मात्र सुटली नाही. मिरजेकडच्या आमच्या गावात माझ्या मांड्या बघायला शेजारच्या गावातनं माणसं यायची (दोघं तरी आलेली मला आठवतात). विडी नाही, सुपारी नाही. चहासुद्धा लग्नानंतर सुरू झाला, तो बायकोच्या धाकानं. असा मी, पोराच्या हट्टापायी हॉलंडात बेस्ट नावाच्या गावी येऊन पडलो. पोरगा इथं इंजिनिअर. त्याच उन्हाळ्यात सूनबाईचे, म्हणजे मानसीचे वडीलही आले. पुण्याचे, बँकेतनं रिटायर झालेले, आणि ह्या वयात जिमला जाणारे! तेही अंगाला चिकटलेली चड्डी घालून!

जिमहून आले की साहेब सोफ्यावर बसायचे, तोंड उघडायचे आणि एका छोट्या बाटलीतले थेंब जिभेखाली सोडायचे. बाटलीवर पानाचं चित्र. ते पान मी झोपेतसुद्धा ओळखीन. आमच्या गावच्या मठामागं तेच उगवायचं.

"साहेब, हा तर गांजा!"

"गांजा नाही हो पाटील. त्याच जातीच्या झाडाचं तेल. नशेचा भाग काढून टाकलेला असतो. व्यायामानंतर अंग मोकळं होतं म्हणतात. रिकव्हरी!"

"नशा काढल्यावर त्यात उरलं काय?"

"तेच शोधतोय मी. झोप जरा बरी लागते, बाकी देवाला ठाऊक."

"मानसी, अगं तुझे वडील गांजेकस झाले!" मी ओरडलो.

"आबा, हळू बोला ना! खिडकी उघडी आहे."

"असू दे की! इथं कुणाला मराठी कळतंय?"

"शेजारी साताऱ्याचे आहेत, आबा."

संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी मंडळाला कळलं. आता मंडळाचा क्रीडादिन तोंडावर आला होता, आणि त्यात ज्येष्ठांसाठी बैठकांची स्पर्धा होती. जो शेवटपर्यंत थांबणार नाही, तो जिंकला. मी माझं नाव दिलं. साहेबांचंही दिलं (त्यांना विचारायचं राहून गेलं). वर चार लोकांत सांगून टाकलं, "तालमीचा गडी काय असतो ते गांजेकसांना दाखवतो! हरलो तर मिशी उतरवून ठेवीन!"

मग सराव सुरू केला. पहिल्या दिवशी असा काही जोर लावला, की दुसऱ्या दिवशी मांड्या माझ्या राहिल्याच नाहीत. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी! मी एकेक पायरी बसून उतरायला लागलो.

"आजोबा, आर यू ओके?" नातीनं खालनं विचारलं.

"पायऱ्या मजबूत आहेत का बघतोय!"

पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी पलंगावरनं उठताना तोंडातनं अशी किंकाळी फुटली, की माझी मलाच लाज वाटली. मिशी धोक्यात होती. साहेब फिरायला गेलेले. बाथरूममध्ये त्यांच्या फळीवर एक बाटली दिसली. तेच पान! पण ही चांगली मोठी, हिरवीगार. म्हटलं, बँकेतल्या माणसांना काय कळणार? तेल चाटायचं नसतं, अंगात जिरवायचं असतं! बाटली खोलीत आणली, मारुतीच्या फोटोला सांगितलं, "देवा, पोटात घेत नाही, वरनंच लावतोय," आणि केलं मालिश. मांड्या, पोटऱ्या, पाठ. थोडं उरलं ते टाळूवर थापलं. जरा चिकट लागत होतं, वास लिंबाचा. परदेशी तेल, असेल तसं! आणि मालिश केलं की घाम निघेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही, हा आमच्या वस्तादांचा नियम. म्हणून अंघोळीला फाटा दिला.

मैदानात सगळं मंडळ जमलेलं. शिट्टी वाजली. मी सपासप बैठका मारायला लागलो. बाजूला साहेब भात्यासारखे फुसफुसत होते. मांड्या दुखत होत्या, पण मला वाटलं, चढतोय! माल अंगात चढतोय!

तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. कुणी हललं नाही. इथं पावसासाठी थांबायचं ठरवलं तर वर्षभर कुणी घराबाहेर पडणार नाही. माझ्या डोळ्यांत आग आग व्हायला लागली. समोरचा झेंडा विरघळला. एका साहेबांचे दोन साहेब झाले, आणि दोघंही बैठका मारत होते! मी खाली बघितलं, तर माझ्या मांड्यांतनं पांढरे ढग निघत होते. चड्डीतनं बुडबुडे बाहेर पडून हवेत उडत होते!

आता मात्र माझं धाबं दणाणलं. एवढं दिसतंय म्हणजे मेंदूपर्यंत पोचलं! मी बैठक अर्ध्यात सोडून ओरडलो, "मानसी! मला डॉक्टरकडं ने गं! मला चढलीय!"

"काय चढलीय, आबा?"

"गांजा! तुझ्या बापाचा! मला अंगातनं ढग निघताना दिसतायत!"

सगळं मंडळ माझ्याकडं वळलं. साहेबांची बैठक मात्र चालूच.

"ढग आम्हालाही दिसतायत, पाटील," ते धापा टाकत म्हणाले. "पण माझ्या थेंबांनी असं होत नाही. किती घेतलेत?"

"घेतले नाहीत! अंगाला चोळलं! ती मोठी बाटली!"

मानसीनं माझ्या दंडावर बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो आबा, ते जिमनंतर अंघोळीला वापरायचं साबणाचं पाणी आहे! लावून धुवायचं असतं ते!"

"मग माझे डोळे लाल का झाले?"

"साबण गेलाय डोळ्यांत!"

"साबणावर गांजाचं पान काढायला काय धाड भरली होती ह्यांना?" मी जमेल तेवढ्या रुबाबात म्हणालो, आणि लगेच पुन्हा बैठकीला वाकलो. पण गवतावर आता माझाच फेस पसरला होता. पाय सटकला आणि मी थेट पंचांच्या टेबलाखाली जाऊन थांबलो. तिथनं मला माईक स्पष्ट ऐकू आला: "विजेते मानसीताईंचे वडील! आणि पाटीलकाकांना विनंती, कृपया अंग धुवायला मैदानातल्या नळाखाली जाऊ नका, फेस आणखी वाढेल!"

थोडक्यात, जी नशा केलीच नव्हती ती चारचौघांत कबूल करून, जिंकत आलेली स्पर्धा मी हरलो. मिशी साहेबांनी मोठ्या मनानं माफ केली. त्यांना मेडल मिळालं, मला टॉवेल मिळाला. तोही त्यांचाच!