रद्दी फर्म्यांची शाळा

गल्लीतली माणसे तिच्याविषयी एकच बोलत: "पुठ्ठेवालीने पोरीला घरात बांधून ठेवलंय. पुस्तकं बांधता बांधता हाताला सवयच लागली." वरच्या मजल्यावरची शिंपीण त्यात भर घाली. "शाळा नको, म्हणे मीच शिकवणार. उद्या मी म्हणेन, दातही घरीच काढते." मग हशा पिके. तो जिना उतरून पुठ्ठेवालीच्या दारापर्यंत येई आणि तिथे खळीच्या आंबूस वासात विरून जाई. ती मान वर करत नसे.

धंदा पुस्तकबांधणीचा. दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत कापायचे यंत्र, दाबपट्ट्या आणि पुठ्ठ्यांची चवड. मध्ये फळ्यांची आडभिंत. आत शेगडी, खाट आणि पोर. नवरा होता तेव्हा दोघे मिळून काम करत. तो गेल्यावर त्याचे दाभण तिने आपल्या मुठीला सरावून घेतले.

पोर जिन्यावरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. ते वाकडे जुळले, म्हणून पुन्हा मोडून जुळवावे लागले. त्यात शाळेचे वर्ष बुडाले, आणि पाय बरा झाल्यावर तिला मागच्या वर्गात बसवण्यात आले. खाटेवर पडल्या पडल्या ती वीतभर वाढली होती. लहानग्यांच्या बाकाखाली तिचे गुडघे मावेनात, आणि मुलांनी तिचे नाव 'शिडी' ठेवायला फार दिवस लावले नाहीत. एका संध्याकाळी तिने दप्तर खुंटीला अडकवले आणि म्हणाली, "आई, मी आता तिथे जाणार नाही." रडली असती तर आईने समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून आईने मुख्याध्यापिकेचे दार गाठले. वर्षभर घरी अभ्यास करून परीक्षेत उतरली तर मूळच्या वर्गात घेऊ, एवढा शब्द तिने मिळवला.

आता वर्ष आखायचे होते, तेही अंथरूण पाहून. नवी पुस्तके परवडणारी नव्हती. रद्दी फर्मे मात्र मुबलक होते. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. शाई फिसकटलेले, तिरपे छापलेले फर्मे छापखानेवाला कोपऱ्यात टाकून देई. ती ते निवडून आणी, शिवी, वर पुठ्ठा चढवी. कुठल्या तरी गोष्टीतला माणूस दोर धरून विहिरीत उतरू लागे आणि पान उलटले की मधमाश्यांच्या पोळ्याचे वर्णन सुरू होई. गोष्टीचा पुढचा भाग दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात गेलेला असे.

मेजाएवढ्या खाकी कागदावर तिने रकाने पाडले. मोठ्या कागदातून लहान कागद किती निघतात, यावर गणित. वाचन फर्म्यांचे. भूगोलाला एक फसलेला नकाशा होता. त्यात समुद्र लाल छापला गेला होता आणि जमीन निळी. विजेची ओळख समोरच्या दिवे दुरुस्त करणाऱ्याकडे, तो म्हणाला होता, "मला शिकवता येत नाही बुवा. पण मी काम करताना ती बघत बसली तर मी काही तिला हाकलणार नाही." असे गोळा करत करत कागद भरला. फक्त दुपारी चारचा रकाना कोरा राहिला.

आराखडा पाहायला नणंद आली, ती दूरच्या गावाहून आणि भांडायच्या तयारीनेच. भावाची एकुलती पोर वाया जाऊ द्यायची नाही, असा तिचा निश्चय होता.

"वहिनी, ही कसली पुस्तकं? अर्ध्यात विहीर, अर्ध्यात मधमाश्या. वडाची साल पिंपळाला."

"शिलाई पक्की आहे, वन्सं."

"शिलाईचं कोण बोलतंय? आणि हा समुद्र लाल कसा?"

आतून पोरीचा आवाज आला, "आत्या, निळ्यात उडी मारू नकोस हं. डोकं फुटेल."

नणंदेला हसू आवरले नाही. मग चष्मा लावून तिने सगळा कागद वाचला. "खोट काढायलाच आले होते. अभ्यासात तरी सापडत नाही," ती शेवटी म्हणाली. तिचे बोट कोऱ्या रकान्यावर थांबले. "इथे काय?"

"चारला ती खेळेल."

"कुणाशी?"

पुठ्ठेवालीने खळीच्या भांड्यात ब्रश फिरवला. गल्लीतली मुले शाळेतून येत, चार घास खाऊन शिकवणीला जात आणि दिवे लागले की परत येत. हे तिला आधीच ठाऊक होते, म्हणून तर रकाना कोरा होता.

"माझ्याकडे दोघं आहेत," नणंद म्हणाली. "शाळेतून आली की झोपेपर्यंत भांडतात. हिला वर्षभर पाठव. आराखडा तुझाच, माझ्या भिंतीवर लावते, तसूभर बदलणार नाही. रविवारी मी निघेन. तोवर विचार कर."

"ती गेली की मी..." एवढेच पुठ्ठेवालीच्या तोंडून निघाले, आणि तिने दोरा ओवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चारला तिने हातातले काम ठेवले आणि आत जाऊन बसली. पोरीचा एक आवडता खेळ होता. गोष्ट जिथे तुटते तिथून पुढे काय झाले, ते एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने खोडून काढायचे. आईने सांगितले, विहिरीतल्या माणसाला खजिना सापडला. पोर म्हणाली, "छान." पुन्हा सांगितले, त्याला मगर भेटली. पोर म्हणाली, "तेही छान." तिने एकही गोष्ट खोडली नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आई, तुझी खळ सुकतेय. जा तू."

शनिवारी नणंद बाजारात गेली होती. पुठ्ठेवाली बाहेर एका पुस्तकाला कापडी पाठ चिकटवत होती, तेवढ्यात आडभिंतीपलीकडून दोन आवाज आले. एक पोरीचा, दुसराही पोरीचाच, जरा जाड केलेला.

"सांग, दोर कुणी कापला?"

"तूच सांग."

"नाही, कालही मीच सांगितलं होतं. आज तुझी पाळी."

मग दोन्ही आवाज थांबले. दोघींना ठाऊक असलेले उत्तर एकच होते, त्यामुळे भांडण काही पेटेना.

कापडी पाठ तिरपी बसली होती. पुठ्ठेवालीने ती सोलून काढली आणि पुन्हा बसवली. नणंद परतल्यावर खाकी कागदाची गुंडाळी बांधून तिच्या हातात दिली. "मंगळवारी विजेचं ठेवलंय. तुमच्याकडे कुणी दुरुस्तीवाला असेल तर बघा."

निघताना पोर दारात थबकली. "तू एकटी राहशील."

"मला काम आहे," आई म्हणाली. "पाय जपून टाक. जिना ओला आहे."

त्यानंतर दर महिन्याला एक पुडके त्या गावाला जाऊ लागले. फर्मे निवडताना ती आता मुद्दाम गोष्ट ऐन मोक्यावर तुटणारे शोधी. पोरीच्या पत्रात तिघांचे तीन शेवट असत, आणि खाली तक्रार: 'हे दोघे माझं ऐकतच नाहीत.' ते वाक्य ती दोनदा वाची आणि पत्र घडी घालून कात्रीखाली ठेवून देई. चार वाजता हात आपसूक थांबत. आडभिंतीपलीकडे काहीच हलत नसे. मग हात पुन्हा चालू लागत.

गल्लीचे बोलणे आता उलटले होते. "पोटच्या पोरीला धाडून दिलं, आणि डोळ्यांत टिपूस नाही." शिंपिणीला राहवले नाही, एके दिवशी ती उंबऱ्यातच येऊन उभी राहिली. "काय गं, पोर तर गेली. मग ही तुटकी पुस्तकं बांधतेस कुणासाठी? आणि एकटीला करमतं तरी कसं?"

पुठ्ठेवालीने दाभण खाली ठेवले नाही.

"तिच्यासाठीच बांधते. आणि करमत नाही. जाताना दार ओढून घ्या, कागद उडतात."