रिकाम्या शेडचा नकाशा

पेणच्या रामवाडीत नेटवर्क बसवून देणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. ते वाय-फाय म्हणत नाहीत, ‘सोल्यूशन’ म्हणतात. प्रत्येक वाक्य ‘बरोबर ना?’ने संपवतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

गणेशमूर्तींच्या एका कारखान्याचं काम त्यांना हवं होतं. मागच्या शेडमध्ये नेट पोचत नसल्याने बाहेरगावच्या ग्राहकांना व्हिडिओवर मूर्ती दाखवता येत नव्हत्या. गृहस्थांनी पाहणी केली ती विसर्जनानंतर, शेड रिकामी असताना. प्रस्ताव घेऊन ते आले, तेव्हा बातमीसाठी मीही तिथे होतो. शेडमध्ये नेट कुठे किती पोचेल, याचा त्यांचा नकाशा रंगीत होता.

“दादा, यात मूर्ती कुठं हायत?” मालकीणबाईंनी विचारलं. “सीझनला शेड छपरापर्यंत भरते. तुमचा वाय-फायचा डबा त्यांच्या मागं जाईल. मग नेट येईल का?”

“आत्ता करेक्शन करतो, ताई. बरोबर ना?”

त्यांनी लॅपटॉप उघडला, बराच वेळ टाइप केलं आणि पडदा बाईंकडे वळवला. नकाशा तोच होता. खाली एक ओळ वाढली होती: ‘शेडमध्ये मूर्ती नसतील असे गृहीत धरले आहे.’

बाईंनी ती सावकाश वाचली.

“बरं. मग मूर्ती करायचं बंद केलं की बोलावते तुम्हाला.”

गृहस्थांनी मोबाइल काढला.

“साधारण कोणता महिना धरू, ताई?”